जावयाने रंगवलेली गाडी

भावजींना यंत्रांतलं सगळं कळतं, हे आमच्या घरात नेमकं कोणी ठरवलं याचा पत्ता मला शेवटपर्यंत लागला नाही. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. ते विमानाच्या कारखान्यात नोकरीला होते हे खरं. पण तिथे ते कॅन्टीनच्या कोठीवर होते. तांदूळ किती आला, तूरडाळ किती गेली, सांबाराला चिंच पुरेल का, हे त्यांचं विमानशास्त्र. तरीही रोज विमानांच्या सावलीतून ये-जा करणाऱ्या माणसाला साधी मोटार कळणार नाही होय, असा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तर्क होता. भावजींनीही तो खोडून काढायचा आगाऊपणा कधी केला नाही.

आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी फौजेमागून इकडे आलं आणि बेंगळुरातच राहिलं. आम्ही बाजार कन्नडमध्ये करतो, भांडणं मराठीत करतो. सांबार रोज, पुरणपोळी सणाला. इतक्या वर्षांत बरंच काही विसरलो, पण जावई हा दहावा ग्रह असतो एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवलं. त्यातून भावजी नवे जावई. अक्काचं लग्न ही गोष्ट घडली त्याच वर्षी वैशाखात झालं होतं. ते आले की अण्णा आपली वेताची खुर्ची सोडून उठत आणि आई फुंकून फुंकून बोलत असे.

चामराजपेटेतल्या आमच्या घरापुढे एक जुनी इंग्रजी मोटार उभी असे. चिकमगळूरचा एक गोरा कॉफीमळेवाला सगळं विकून मायदेशी निघाला, तेव्हा अण्णांनी ती घेतली होती. एकोणीसशे साठचं दशक नुकतंच लागलं होतं. अण्णा त्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते आणि मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. येलहंक्याच्या मुलींच्या शाळेत मला विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. दिवाळीची सुट्टी संपली की हजर व्हायचं होतं. त्या वेळचं येलहंका म्हणजे हेब्बाळचं तळं ओलांडून, द्राक्षांचे मळे ओलांडून, मग कधीतरी येणारं वेगळं गाव.

नोकरीला अण्णांनी नाही म्हटलं नाही. सुधारक होते ते. सुधारक माणूस नाही म्हणत नाही, अट घालतो. "आमच्या घरातली मुलगी बसमध्ये लोंबकळत जाणार नाही," ते म्हणाले. "मी मोटारीने सोडीन, मोटारीने आणीन. मोटार आहे तोवर नोकरी आहे." मी इतकी आनंदले, की त्या वाक्याचा उत्तरार्ध माझ्या कानातच शिरला नाही.

मग नवरात्र आलं. आमच्या इकडे नवमीला आयुधपूजा असते. सुताराची करवत, शिंप्याची मशीन, पोराची सायकल, सगळ्यांना त्या दिवशी गंध-फूल. मोटारीला तर नवरदेवाचा मान. बंपरला केळीचे खुंट, बॉनेटवर चंदनाचे पट्टे, चाकांखाली लिंबं, आणि पुढ्यात कुंकू भरलेला कोहळा फोडायचा. मोटार आदल्या दिवशी धुऊन काढायची असते, एवढं कुणालाही ठाऊक. भावजी कुणीही नव्हते.

"वरवर धुतलं की देव फसतो असं वाटतं का?" असं म्हणत ते दोन दिवस आधी काळ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन हजर झाले. बॉनेट उघडलं. जे हाती लागलं ते सुटं करून पुसलं. आतली बॉडी, पट्ट्या, कड्या, बोल्टांच्या बैठका, सगळं काळं कुळकुळीत रंगवलं. वाळल्यावर सुटे भाग परत आवळून बसवले. उरला-सुरला रंग त्यांनी आमच्या फाटकाला फासला. अण्णा गल्लीतल्या लोकांना बोलावून बोलावून बॉनेटच्या आतलं दाखवत होते. नवमीला कोहळा फुटला, चुरमुरे वाटले गेले, भावजींनी मोटारीला उदबत्ती ओवाळली. भक्तीत कुठेही कसर नव्हती.

दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनाला निघायचं म्हणून अण्णांनी स्टार्टरचं बटण दाबलं. गाडीने दमेकऱ्यासारखं खर्र केलं आणि ती गप्प बसली. पुन्हा दाबलं, पुन्हा खर्र. आणि समोरच्या डॅशबोर्डच्या फळीवरून जळका वास येऊ लागला. अण्णांनी चोकच्या मुठीला हात लावला नि "अय्यो!" म्हणून झटकला. मूठ निखाऱ्यासारखी तापली होती.

चोक म्हणजे काय ते सांगते. सकाळी गार इंजिनाला जरा जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायची ती मूठ. तिच्यामागे एक पोलादी तार असते, ती इंजिनातली एक झडप ओढते. बैलाच्या कासऱ्यात जेवढी वीज, तेवढीच तिच्यात. तिने तापायचं काही कारण नाही. पण भावजींनी मुठीला एक बोट लावलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, "चोक गेला."

नवी तार आणली, घातली. तीही तापली. "माल खोटा," भावजी म्हणाले. आणखी एक आणली. तीही तापली, वर धूरही काढला. मग बॅटरीवर संशय आला, पण दिवे लख्ख लागत होते आणि हॉर्न सगळी गल्ली हलवत होता. बॅटरी निर्दोष सुटली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी पुस्तकात वाचलं होतं. आमच्या अंगणात ती शिक्षा दर रविवारी अमलात येत होती.

आई एकदा चुकून म्हणाली, "त्या कोपऱ्यावरच्या मेस्त्रीला स्वल्प जरा बोलावून बघू या का?"

अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने जणू जावयाच्या पानात शिळा भात वाढला. "घरचा जावई विमानांच्या कारखान्यात, आणि आपण मेस्त्री बोलावायचा? त्यांना काय वाटेल?"

झालं. म्हणजे गाडी बंद राहिली तरी चालेल, जावयाला काही वाटता कामा नये. आमच्या जातकुळीत रोगापेक्षा वैद्याचा मान मोठा.

हँडल मारून ती सुरू होत असे, हेही नमूद करते. पुढे लोखंडी हँडल घालून गरकन फिरवलं, की इंजिन निमूट चालू लागे. पण एका रविवारी ते हँडल उलटं फिरलं आणि भावजींच्या मनगटावर बसलं. आईने आंबेहळदीचा लेप लावला. अक्का त्यांना भात कालवून देत होती. "हँडल मारून येलहंका? रस्त्यात बंद पडली तर?" असं अण्णा त्या दिवशी जे म्हणाले, ते मग रोज म्हणू लागले. म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण काळजीच्या खाली काहीतरी निवांत पसरलेलं होतं. सुंठीवाचून खोकला गेल्यावर माणूस दिसतो तसे ते दिसत होते. मला ते दिसत होतं आणि मी ते बघायचं टाळत होते.

दिवाळी तोंडावर आली. मुख्याध्यापिकाबाईंनी निरोप पाठवला, की सुट्टी संपल्यावर पहिल्या सोमवारी मी आले नाही, तर त्यांच्याकडे दुसरी मुलगी तयार आहे. ही एक नोकरी गेली की पुढे काय, हे मला नीट माहीत होतं. पुढे पोहे, चहा, आणि कुणाच्या तरी कोठीवरचा मुलगा.

तेव्हा मी मोटारीकडे पहिल्यांदा डोळे उघडून पाहिलं. अण्णा सकाळी बटण दाबून बघत, तेव्हा मी मुठीला हात लावून उभी राहिले. बटण दाबलं की मूठ तापे. हँडल मारून गाडी चालू केली, तर ती तासभर चालली तरी मूठ थंडगार. म्हणजे दोष चोकचा नव्हताच. स्टार्टरला लागणारी दणकट वीज त्या बिचाऱ्या तारेतून जात होती. का जात होती? वीज बॅटरीतून निघाली, की तिला फिरून बॅटरीकडे परतावं लागतं. हे मी येलहंक्याच्या आठवीतल्या मुलींना शिकवणार होते. इंजिन रबराच्या उशांवर बसलेलं असतं, म्हणून त्याच्यापासून बॉडीपर्यंत तांब्याच्या विणलेल्या तारेची एक जाड पट्टी असते. तोच तिचा परतीचा रस्ता. मी बॉनेट उघडून ती पट्टी शोधली. ती होती, घट्ट आवळलेलीही होती. फक्त तिच्या दोन्ही टोकांखाली, बोल्टाच्या बैठकीवर, काळ्या ऑइलपेंटचे दोन जाड थर होते. रंगातून वीज जात नाही. मोठा रस्ता बंद झाल्यावर ती मिळेल त्या बोळातून घरी परतत होती, आणि त्या बोळाचं नाव चोकची तार.

मी धावत स्वयंपाकघरात गेले आणि आईला सांगितलं. आई चकली पाडत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे जावयांनी बिघडवली?"

"देवभक्तीने बिघडवली."

"हे तोंडातून काढू नकोस. दिवाळसणाला यायचेत ते. त्यांचा अपमान झाला तर भोगायचं कुणी? तू नाही, अक्काने." आणि तिने पुन्हा चकली वळायला घेतली.

मला राग आला होता, आणि आईचं म्हणणं खरं आहे हे कळत होतं म्हणून तो जास्तच आला होता.

दिवाळसण मात्र थाटात झाला. भावजींना चांदीच्या ताटात पुरणपोळ्या वाढल्या गेल्या, आणि त्यांनीही कोठीवरच्या माणसाला शोभेल असा न्याय दिला. शेवटच्या रविवारी जेवणं झाल्यावर ते आणि अण्णा दोघेही आडवे झाले. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, माझा सोमवार. घरात दोन घोरण्यांची जुगलबंदी चालू झाली, तशी मी विळीला धार लावायची कानस घेतली आणि अंगणात गेले. अक्का दारातच उभी होती.

"काय ग, कुठे?"

"गाडी दुरुस्त करायला."

मला वाटलं ती अडवेल. तिने एकदा आतल्या घोरण्याचा अंदाज घेतला आणि पदर खोचला. "मी काय करू सांग."

मी तिला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. आधी खात्री करायची होती. बॉडीवरचा थोडा रंग कानशीने खरवडला. ते मनगटफोडं हँडल घेतलं, त्याचं एक टोक इंजिनाच्या उघड्या बोल्टावर टेकवलं, दुसरं खरवडलेल्या जागी दाबून धरलं. विजेला तात्पुरता पूल बांधला म्हणा. "दाब," मी म्हटलं. टोकाशी एक ठिणगी उडाली आणि इंजिन अंगात आल्यासारखं धडधडलं. अक्का किंचाळली, मग तोंडावर हात ठेवून हसायला लागली. आतली जुगलबंदी चालूच होती. तिला लग्नानंतर असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

गाडी बंद केली. भावजींच्या पिशवीतून पाना घेतला. त्याच्यावरही काळा ऑइलपेंट वाळला होता. पट्टी सोडवली, दोन्ही बैठका कानशीने घासून चकाकत्या केल्या, पट्टीची टोकं घासली, परत आवळली. अक्काने बटण दाबलं. पहिल्याच दाबाला गाडी सुरू. चोकची मूठ गार.

"मला नीट सांग ना, काय झालं होतं," ती म्हणाली. मी सांगितलं. ती इंटरला पहिल्या वर्गात आली होती, तिला दोनदा सांगावं लागलं नाही. ती खाली मात्र उतरली नाही. स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून तशीच बसून राहिली आणि समोरच्या काळ्या फाटकाकडे बघत राहिली.

संध्याकाळी कॉफी झाल्यावर अण्णांनी सवयीने बटण दाबलं आणि गाडी सुरू झाली. सगळे अंगणात जमले. भावजींनी बॉनेट उघडलं, आत एक गंभीर नजर टाकली आणि म्हणाले, "मी म्हणालो होतो. नवी तार बसायला स्वल्प वेळ लागतो. आता बसली." अण्णांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आई माझ्याकडे बघत होती, डोळ्यांनी हात जोडून. माझं काम झालं होतं. आयत्या बिळावर नागोबा बसला तर बसू दे.

"मग उद्या सकाळी लवकर निघू या, अण्णा," मी म्हटलं.

अण्णांनी गाडीचा दरवाजा रुमालाने पुसला. "आत्ताच कुठे बरी झालीय. हेब्बाळच्या पुढचा रस्ता तू पाहिलायस का? लगेच एवढा ताण नको. संक्रांतीनंतर बघू."

"सोमवार उद्या आहे."

"शाळा काय पळून जातात? सुम्ने उगाच हट्ट करू नको."

तेव्हा मला कळलं, की इतके दिवस मी दोष भलत्याच ठिकाणी शोधत होते. माझा तोल गेला. "गाडी तारेने बरी झाली नाही," मी म्हटलं. "मी केली. परतीच्या पट्टीखाली रंग होता, तो मी दुपारी काढला."

भावजी हसले. मोठी माणसं लहान मुलांच्या गोष्टीला हसतात तसे. "हिने? बॉनेट तरी उघडता येतं का हिला?"

"मी होते की तिथे," अक्का म्हणाली. "बटण मीच दाबत होते. रंगानेच झालं होतं." तिचा आवाज चढला नव्हता. सांबारात मीठ कमी आहे हे सांगावं तसं तिने सांगितलं. भावजींचा चेहरा एकदम लहान झाला. आईने कपाळाला हात लावला.

अण्णा मला बाजूला घेऊन गेले. मला वाटलं ओरडतील. ते हळूच म्हणाले, "तुला समजत नाही. निवृत्त होऊन चार महिने झाले नाहीत. रोज सकाळी मी गाडी काढणार, तू मागे बसणार, गल्ली बघणार. अण्णा पेन्शनीत मुलीचा ड्रायव्हर झाला म्हणतील. सांजेला तू पगार आणणार आणि मी गाडी पुसणार. हे माझ्याने होणार नाही."

एवढं खरं ते माझ्याशी पूर्वी कधी बोलले नव्हते. मला त्यांची दया आली आणि भयंकर रागही आला, दोन्ही एकाच वेळी. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर तीन चोकच्या तारा आणि एक मनगट वाचलं असतं.

"मग नका करू, अण्णा," मी म्हटलं. "मी बसने जाईन."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर तुम्ही नको म्हटल्यावर जाईन."

सोमवारी सकाळी गाडी पहिल्याच दाबाला सुरू झाली. अण्णा भावजींना आणि अक्काला पोचवायला निघाले. जावई दिवाळसणाहून बसने परत गेला असं कुणी म्हणायला नको. भावजी पुढे बसले. आदल्या संध्याकाळपासून ते अक्काशी एक अक्षर बोलले नव्हते. अक्का मागे, मांडीवर फराळाचा डबा घेऊन. त्या एका वाक्याचं तिला पुढे किती सोसावं लागलं, ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही, आणि मी विचारलं की ती विषय बदलते.

मी फाटकाशी उभी होते. तूही गाडीत बस, असं मला कुणी म्हटलं नाही. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत अक्का मागच्या काचेतून माझ्याकडे बघत होती. मग मी येलहंक्याची बस पकडायला मॅजेस्टिकच्या रस्त्याला लागले.